काडेपेटीत किती चिंचोके?

मराठीत 'बरोबर' हा एकच शब्द तीन कामे करतो. 'तुझे उत्तर बरोबर आहे', 'मी तुझ्याबरोबर येतो' आणि 'आठ अधिक चार बरोबर बारा'. सहावीच्या वर्गात समीकरण शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षकाची निम्मी अडचण या शब्दात असते. पहिलीपासून मुलाने बरोबरचे चिन्ह हजारो वेळा पाहिलेले असते आणि दर वेळी त्याच्या उजवीकडे उत्तर असते. त्याच्या लेखी त्या दोन आडव्या रेघा म्हणजे 'आता उत्तर लिही' हा हुकूम. मग एके दिवशी फळ्यावर ३क्ष + २ = क्ष + १० असे काहीतरी येते आणि मूल विचारते, "सर, पण ह्याचं उत्तर कुठाय?"

हा घोटाळा फक्त मराठीचा आहे असे नाही. अमेरिकेत करेन फॉकनर, लिंडा लेव्ही आणि थॉमस कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मुलांपुढे ८ + ४ = (रिकामी चौकट) + ५ एवढेच मांडले होते. चौकटीत ७ यायला हवेत. सहावीतल्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नाहीत. बहुतेकांनी १२ लिहिले, काहींनी दिसेल ते सगळे मिळवून १७. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापले तेव्हा, दोन समांतर रेघांपेक्षा जास्त सारखे दुसरे काय असणार, असे कारण दिले होते. त्या सारखेपणाचाच आपल्या मुलांना पत्ता नसतो. आपल्या वर्गात '=' चा उच्चार काही दिवस 'बरोबर' न करता 'तेवढेच' असा करून पाहावा. 'आठ आणि चार म्हणजे सात आणि पाच तेवढेच.' शब्द बदलल्याने कोडे सुटत नाही, पण मूल निदान दोन्हीकडे पाहते.

या सारखेपणाला हात लावता यावा म्हणून वर्गात तागडी आली, काडेपेट्या आल्या, चिंचोके आणि बटणे आली. वस्तू हाताळून समीकरण शिकवण्याच्या या पद्धतीचे गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर प्रयोग झाले, पेट्या विकल्या गेल्या, शोधनिबंध लिहिले गेले. त्यातून हाती काय लागले, हे पाहण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण ही कल्पना दिसते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये (इसवी सनापूर्वी सुमारे १५५०) अज्ञात संख्येला 'अहा' म्हटले आहे. अहा म्हणजे ढीग. एक ढीग आणि त्याचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ढीग केवढा, असे ते गणित. आपल्याकडचा 'राशी' हा शब्दही ढिगाचाच. खळ्यावर धान्याची रास असते तीच रास बीजगणितात 'बैजिक राशी' होऊन बसली आहे, आणि सातवीतल्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

आर्यभटाने तर प्रत्यक्ष वस्तूच घेतली. इसवी सन ४९९ मधल्या 'आर्यभटीया'त एक नियम आहे. दोन माणसांची संपत्ती सारखी आहे. दोघांकडे काही गुलिका आहेत आणि काही रूपके, म्हणजे नाणी. गुलिका म्हणजे गोळी, मणी. तिची किंमत आपल्याला ठाऊक नाही. नियम असा : नाण्यांतल्या फरकाला गुलिकांतल्या फरकाने भागा, गुलिकेची किंमत मिळेल. एकाकडे ३ गुलिका आणि २ नाणी, दुसऱ्याकडे १ गुलिका आणि १० नाणी असतील, तर ८ ला २ ने भागून ४. वर फळ्यावर लिहिलेले समीकरण हेच. पंधराशे वर्षांपूर्वी ते मण्यांनी आणि नाण्यांनी मांडले होते, आणि आज गणित-पेटीतली सोंगटी अज्ञातासाठी आणि आकड्यांचा फासा अंकांसाठी मांडणारा शिक्षक त्याहून वेगळे काही करत नसतो. सोंगटी म्हणजे गुलिका, फासा म्हणजे रूपक.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त मण्यांच्या जागी घोडे आहेत. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण १०० रुपयांचे कर्ज. दोघे सारखेच श्रीमंत, घोड्यांची किंमत सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? या उदाहरणाकडे पुढे परत येऊ, कारण त्यातल्या कर्जापाशीच आजच्या काडेपेट्या अडतात. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तिथे हे घोडे कसे शिकवत असतील, खडे मांडून की पाटीवर धूळ पसरून, याचे मला कुतूहल वाटते.

आता वर्गात येऊ. टेबलावर तागडी. डाव्या पारड्यात ३ काडेपेट्या आणि २ चिंचोके, उजव्यात १ काडेपेटी आणि १० चिंचोके. काडेपेट्या बंद. प्रत्येकीत सारखेच चिंचोके आहेत, किती ते शिक्षकाला ठाऊक. पारडी समतोल आहेत. अट एकच : काही करा, पण तोल जाता कामा नये, आणि पेटी उघडायची नाही.

मुले आधी पेटी कानाशी नेऊन हलवून बघतात, तेवढी मुभा द्यावी. मग कोणी तरी डावीकडचे दोन चिंचोके उचलते आणि पारडे वर जाते. वर्ग ओरडतो, "तिकडचेपण काढ!" दोन्हीकडचे दोन-दोन गेले की डावीकडे ३ पेट्या, उजवीकडे १ पेटी आणि ८ चिंचोके. मग दोन्हीकडची एक-एक पेटी काढायची. ही पायरी मुलांना चटकन सुचत नाही. आत किती आहेत हे माहीत नसताना पेटी काढून टाकायची कशी, अशी शंका येते. ती शंका फार मोलाची आहे. 'माहीत नसले तरी दोन्हीकडे तेवढेच आहेत ना' हे उत्तर ज्याच्या तोंडून येते त्याने बीजगणितात पाऊल टाकलेले असते. उरतात २ पेट्या आणि ८ चिंचोके. पेटीमागे ४. मग पेटी उघडायची आणि मोजायचे. त्याला आपण ताळा म्हणतो.

वाचायला हे सोपे आहे. करायला बसले की कळते की काडेपेटीला स्वतःचे वजन असते. तीन पेट्या एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला ठेवली की पुठ्ठ्याच्या वजनाने तोल बिघडतो. मग उजवीकडे दोन रिकाम्या पेट्या पासंग म्हणून टाकाव्या लागतात, आणि मुले विचारतात की ह्या कशाला. चिंचोकेही एकसारखे नसतात. चार लहान चिंचोके आणि चार टपोरे चिंचोके तागडीला एक वाटत नाहीत. रुपयाची नाणी घ्यावीत तर निरनिराळ्या वर्षांच्या मालिकांची वजने निरनिराळी. सायकलवाल्याकडचे एका मापाचे छर्रे सगळ्यात भरवशाचे, आणि पेट्यांऐवजी पातळ कागदाच्या पुड्या. हँगरला दोन वाट्या टांगून केलेली तागडी चालते, पण वाट्या मध्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. नाही तर समीकरण राहते बाजूला आणि तरफेचा धडा सुरू होतो.

आणखी एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी भाजीवालीची तागडी मुलाने रोज पाहिलेली असे. पारडे जड होणे, काटा मध्यावर येणे, पासंगालाही न पुरणे हे सगळे भाषेत होते आणि डोळ्यांसमोरही. आता मंडईत इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर एकच ताट असते आणि आकडा दिसतो. म्हणजे तोही उत्तरच दाखवतो, 'बरोबर'च्या चिन्हासारखे. शहरातल्या मुलांना तागडी ही उपमा देण्याआधी तागडीच शिकवावी लागते. खेळाच्या मैदानातली सी-सॉ त्यांना जास्त परिचयाची आहे, पण तिच्यावर पुढे-मागे सरकून तोल साधता येतो, म्हणून ती या कामाला घातक.

या अडचणींवर सोपा तोडगा म्हणजे खरी तागडी सोडून कागदावर तिचे चित्र काढायचे आणि त्यावर वस्तू मांडायच्या. अमेरिकेतले हेन्री बोरेन्सन यांनी १९८०च्या दशकात तयार केलेली 'हँड्स-ऑन इक्वेशन्स' ही प्रसिद्ध पेटी हेच करते. अज्ञातासाठी निळी सोंगटी, अंकांसाठी आकडे छापलेले ठोकळे, आणि चित्रातली तागडी. दोन्हीकडच्या सोंगट्या एकदम उचलणे ही त्यातली नियमात बसणारी चाल. तिसरी-चौथीची मुलेही ४क्ष + २ = ३क्ष + ९ सोडवतात हे त्यांच्या प्रचाराचे मुख्य सूत्र, आणि सोडवतात यात शंका घेण्याचे कारण नाही. पण चित्रातली तागडी कलत नाही. मुलाने एकीकडचीच सोंगटी काढली तर त्याला चूक सांगणारे कोणी नसते, शिक्षकाखेरीज. खरी तागडी गैरसोयीची असली तरी ती मुलाशी खोटे बोलत नाही. मला विचाराल तर पहिले दोन तास खरी तागडीच हवी, भले पासंगाचे पाच मिनिटे स्पष्टीकरण द्यावे लागो. चित्रावर नंतर यावे.

तागडी कोणत्या समीकरणासाठी आणायची, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. पाठ्यपुस्तकांत तागडीचे चित्र येते ते क्ष + ४ = ९ अशा समीकरणाशेजारी. तिथे तिची गरजच नसते. 'कशात चार मिळवले की नऊ' हे मूल बोटांवर सांगते. २क्ष + ३ = ११ सुद्धा ते उलट्या पावली सोडवते : अकरातून तीन गेले आठ, आठाचे निम्मे चार. 'मनात एक संख्या धर, तिची दुप्पट कर' या खेळात आपण सगळे हेच करत आलो. अंकगणित इथवर पुरते. मेक्सिकोमधले युहेनिओ फिलॉय आणि तेरेसा रोहानो यांनी १९८९च्या निबंधात नेमकी फट दाखवली. अज्ञात एकाच बाजूला असते तोवर मूल अंकगणितानेच काम भागवते. ते दोन्ही बाजूंना आले की उलटी पावले टाकायला वाटच उरत नाही, कारण माहीत नसलेल्या गोष्टीवरच क्रिया करावी लागते. तागडी उपयोगी पडते ती या फटीवर. सोप्या समीकरणासाठी ती आणली की मुलांना ती उगाच केलेला सोहळा वाटते, आणि अवघड समीकरण येईपर्यंत ती कपाटात परत गेलेली असते. दोन्हीकडे पेट्या असलेले उदाहरण पहिल्याच तासाला घ्यावे, या मताला मी आलो आहे. आर्यभटानेही तिथूनच सुरुवात केली होती.

वस्तूंचा एक धोका फळांच्या टोपलीतून येतो. '३अ आणि २क मिळवता येत नाहीत, कारण तीन आंबे आणि दोन केळी मिळून पाच आंबे होत नाहीत', हे वाक्य ज्याने शाळेत ऐकले नाही असा मराठी वाचक विरळा. डिटमार क्युशमान यांनी इंग्लंडमधल्या मुलांच्या चाचण्यांवरून १९८१ मध्ये दाखवून दिले की पुष्कळ मुले अक्षराला वस्तूचे नाव किंवा वस्तूच समजतात. अ म्हणजे आंबा. खरे तर अ म्हणजे आंब्यांची संख्या, नाही तर एका आंब्याची किंमत. काडेपेटीतही हीच गल्लत होते. क्ष म्हणजे पेटी नाही. पेटीतल्या चिंचोक्यांची संख्या म्हणजे क्ष. म्हणून पेट्यांवर 'क्ष' लिहून चिकटवण्याची हौस आवरावी. 'पेटीत क्ष चिंचोके आहेत' असे पूर्ण वाक्य दर वेळी बोलावे. कंटाळवाणे आहे, पण स्वस्त आहे. (जुन्या मराठी पुस्तकांत एक्सच्या जागी 'क्ष'च असे. आता त्याचे वास्तव्य मुख्यतः क्ष-किरणांत उरले आहे.)

पद्धत अडते ती कर्जापाशी. क्ष − ३ = ५ तागडीत कसे ठेवणार? पेटीतून तीन चिंचोके आधीच काढले आहेत असे म्हणावे तर आत उरलेलेच दिसतात, आणि उणे तीन कुठेच ठेवता येत नाहीत. काही शिक्षक पारड्याला वर ओढणारे गॅसचे फुगे बांधतात. गंमत येते, पण तीन चिंचोक्यांएवढाच ओढणारा फुगा कुठून आणणार? बेल्जियममध्ये जोएल व्लासिस यांनी आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. 'दोन्ही बाजूंना सारखेच करायचे' हे तत्त्व मुलांच्या मनात तागडीने पक्के बसवले, असे त्यांना दिसले. पण ऋण संख्या आल्या की चुकांची गर्दी झाली. माझ्या मते दोष तागडीचा एवढाच की तिच्याकडून नको ती अपेक्षा केली.

यावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे उपाय काढले. प्राचीन चीनमधले गणिती मोजणीच्या काड्या वापरत, धन संख्येसाठी लाल आणि ऋण संख्येसाठी काळ्या. त्याच वाटेने आजच्या वर्गात दोन रंगांची बटणे येतात. एक लाल आणि एक काळे मिळून शून्य, जोडी उचलून टाकायची. बोरेन्सनच्या पेटीत निळ्या सोंगटीची विरोधक पांढरी सोंगटी असते. हे चालते, पण लक्षात घ्यावे की इथे वजनाची उपमा संपली. काळे बटण ठेवल्याने पारडे हलके होते यावर मुलाने विश्वास ठेवायचा आहे. हात वस्तूवर असला तरी आता नियम आपण ठरवलेला आहे, पारड्याने सांगितलेला नाही.

म्हणून मला भास्कराचार्यांचे घोडे जास्त आवडतात. ऋण या शब्दाचा अर्थच आपल्या भाषेत कर्ज आहे, आणि धन म्हणजे धन. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले तेही याच शब्दांत. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ही सोय फुकटात मिळत नाही. दुसऱ्या माणसाच्या पारड्यात १० घोडे आणि शंभराच्या कर्जाची एक चिठ्ठी ठेवायची. आता दोघांनाही शंभर-शंभर रुपये द्यायचे. दुसऱ्याचे कर्ज फिटले, चिठ्ठी फाडली. पहिल्याचे झाले ४०० रुपये आणि ६ घोडे, दुसऱ्याचे नुसते १० घोडे. सहा-सहा घोडे दोघांचे बाजूला नेले की ४०० रुपयांत ४ घोडे, म्हणजे घोड्याला १०० रुपये. कर्ज फेडणे ही क्रिया मुलाला घरून माहीत असते. बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने इसवी सन ८२०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र' म्हणजे नेमके हेच, उणे झालेले भरून काढणे. मोडलेले हाड बसवण्यासाठीही हाच शब्द होता. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत.

आपल्या वर्गात मात्र या साऱ्याच्या जागी एक मंत्र असतो : बाजू बदलली की चिन्ह बदलते. संस्कृत बीजगणितात समीकरणाच्या बाजूंना 'पक्ष' म्हणत, तेव्हा पक्ष बदलला की चिन्ह बदलते हे महाराष्ट्रातल्या मुलाला वेगळे शिकवायची गरज नाही असे कोणी म्हणेल. पण मंत्र कसा चुकतो पाहा. ३क्ष = १२ दिले की मूल तीनला पलीकडे नेते, चिन्ह बदलते आणि क्ष = १२ − ३ = ९ लिहिते. मंत्र त्याने पाळला. तीन पेट्यांत बारा चिंचोके समोर ठेवलेले मूल अशी चूक करत नाही, ते वाटणी करते. मंत्र वाईट नाही. शंभर गणिते सोडवायची तर तोच लागतो. तो दोन्हीकडून सारखे काढण्याचा संक्षेप आहे हे ज्याला हाताने समजले आहे त्याने तो खुशाल वापरावा.

मोजता येण्याजोग्या वस्तूंची दुसरी मर्यादा अपूर्णांकांची. २क्ष = ७ आले की साडेतीन चिंचोके कसे करणार? इथे मोजायच्या वस्तू सोडून मापायच्या वस्तू घ्याव्यात : पाणी, वाळू, दोरी, कागदाची पट्टी. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वसिली दाविदोव यांच्या अभ्यासक्रमात तर पहिलीची मुले संख्या शिकण्याआधीच लांबी आणि पाणी यांची तुलना करून ती अक्षरांनी लिहीत. सिंगापूरने १९८०च्या दशकात वस्तू आणि चिन्ह यांच्या मधली पायरी म्हणून आडव्या पट्ट्यांची चित्रे आणली आणि ती जगभर गेली. 'आम्ही, आमच्याएवढेच, आमच्या निम्मे, पाव आणि तू एक मिळून शंभर' हे पक्ष्यांचे जुने कोडे पट्टीने सोडवून पाहावे. एका पट्टीचे चार भाग केले की सगळे मिळून अकरा भाग, त्यांचे नव्व्याण्णव, एका भागाचे नऊ, म्हणून पक्षी ३६. पट्ट्या आखणाऱ्या मुलाला इथे क्षची आठवणही येत नाही.

संशोधनाचा एकूण कौल काय? वस्तू वापरण्याचा फायदा होतो, पण जादू होत नाही. किरा कार्बोनो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या चिन्हांनी शिकवण्यापेक्षा वस्तूंनी शिकवणे सरासरीने सरस ठरले, पण फरक माफक होता, आणि शिक्षक कितपत हात धरून नेतो यावर तो पुष्कळ अवलंबून होता. डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्येच वस्तूंवरच्या या भाबड्या भरवशाबद्दल इशारा दिला होता. वस्तूंत गणित दिसते ते शिक्षकाला, कारण त्याला ते आधीच येत असते. मुलाला दिसतात चिंचोके. निकोल मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नोटा-नाणी हाताळणाऱ्या मुलांनी शाब्दिक उदाहरणांत जास्त चुका केल्या, मात्र त्यांत समजुतीच्या चुका कमी होत्या. वस्तू जितकी रंगीत आणि ओळखीची तितके मूल तिच्याशी खेळते, असा त्याचा एक अर्थ. या दृष्टीने रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या अस्वलांपेक्षा चिंचोके सरस आहेत, आणि ते फुकटही मिळतात. तागडीपुरते पाहायचे तर ओटेन, व्हॅन डेन हॉव्हेल-पॅनहाउझेन आणि व्हेल्डहाउस या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तिच्यावरचे सगळे साहित्य चाळले. तागडी कधी, कशी आणि कोणत्या समीकरणांसाठी वापरली यात इतकी तफावत आहे की सरसकट निवाडा देता येत नाही, असे त्यातून दिसते.

त्यातल्या त्यात एक धागा पक्का आहे. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन पायऱ्या मांडल्या होत्या. वस्तूपासून चिन्हाकडे हळूहळू, सांगून-सवरून नेणे परिणामकारक ठरते, असे अलीकडचे प्रयोगही सांगतात. गोची होते ती दुवा तुटल्यावर. मंगळवारी तागडी, बुधवारी फळा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मुलाला कळलेलेच नसते. प्रत्येक चाल हाताने केली की लगेच तिच्यासमोर समीकरणाची एक ओळ लिहायची, अशी साधी शिस्त हवी. एकाने हलवायचे, शेजारच्याने लिहायचे, मग अदलाबदल. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी वेगळ्या बाजूने हेच पाहिले. चिन्हासकट पद हा एक अखंड तुकडा आहे, −४ मधले उणे त्या चारला चिकटलेले आहे, हे अंकगणितातच पक्के झाले तर पुढचे बीजगणित सोपे जाते. पदांभोवती चौकट आखणे हा त्यांचा उपाय. म्हणजे इथे चिन्हालाच वस्तूपण दिले.

पडद्यावरच्या तागड्याही आता पुष्कळ आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली तागडी कलते, तिला पासंग लागत नाही आणि ऋण संख्याही ती नीट तोलते. नॉर्वेचा 'ड्रॅगनबॉक्स' हा खेळ तर मुलांना कळू न देता समीकरणे सोडवायला लावतो. पण कळू न देता शिकलेले वहीवर उतरतेच असे नाही. खेळात पटाईत झालेल्या मुलापुढे कागदावरचे समीकरण ठेवले की ते त्याला नवेच वाटते.

महाराष्ट्राला साहित्याची कमतरता नाही, परंपरेचीही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला बिया, शंख-शिंपले आणि खडे घेऊनच शिकवले. अरविंद गुप्तांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती उभी केली, आणि पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षे मुलांना खेळणी करायला शिकवली. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, तिथल्या फरशीवर आखलेली गणिते बघून आले. तरीही हे सारे बहुतेक चौथीपर्यंत थांबते. सहावी-सातवी आली की मणी-काड्या लहान मुलांच्या ठरतात, मुले स्वतःही लाजतात. नेमकी तेव्हाच समीकरणे सुरू होतात. मी पाहिलेल्या एका शाळेत गणित-पेटी कुलूपबंद होती आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे होती, कारण तपासणीच्या वेळी मणी मोजून द्यावे लागत. बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षाही आड येतात. चार पर्याय समोर असले की एकेक घालून पाहणे हेच शहाणपणाचे, समीकरण सोडवतो कोण? एका वर्गात पन्नास मुले आणि एक तागडी असेल तर पाच मुले हलवतात, पंचेचाळीस बघतात. त्यापेक्षा दोघांत एक कागदी तागडी, चार रिकाम्या काडेपेट्या आणि मूठभर चिंचोके बरे. खर्च शून्य, फक्त पेट्या महिनाभर आधी घरून मागवाव्या लागतात. अंध मुलांच्या शाळांत टेलर फ्रेमच्या खाचांत खिळे बसवून मुले बीजगणित करतात, तिथे 'वस्तू वापराव्यात का' हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

वर्ग रुळला की दोन-तीन वेगळी गणिते मांडावीत, जी पुस्तकांत सहसा नसतात. डावीकडे एक पेटी आणि ३ चिंचोके, उजवीकडेही एक पेटी आणि ३. पेटीत काहीही घाला, तोल ढळत नाही. मग डावीकडे पेटी आणि ३, उजवीकडे पेटी आणि ५. काहीही घाला, पारडी जुळत नाहीत. मुले एकेक चिंचोका वाढवत बराच वेळ झुंजतात आणि मग कोणी तरी 'हे होणारच नाही' असे म्हणते. का होणार नाही, हे त्यालाच पुढे येऊन सांगायला लावायचे. तिसरे मांडायचे ते ३ पेट्या आणि ५ चिंचोके एकीकडे, १ पेटी आणि ५ चिंचोके दुसरीकडे. दोन्हीकडचे पाच जातात, एक-एक पेटी जाते. डावीकडे दोन पेट्या, उजवीकडे रिकामे पारडे. काही मुले म्हणतात, सर, तुमचं चुकलं. काही पेटी कानाशी नेऊन हलवतात. आवाज येत नाही.